लागणीची तारीख आणि शून्य क्षेत्र: एका ऊसनोंद फॉर्मचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांचा ऊस घेणाऱ्या एका साखर कारखान्याच्या शेती विभागात हे प्रकरण घडले. कारखान्याचे आणि व्यक्तींचे नाव दिलेले नाही व ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. फॉर्ममागची प्रणाली आणि तिच्यातील दोष मात्र जसे होते तसेच मांडले आहेत. लेखात सगळे अंक देवनागरीत आहेत. चिटबॉयने (कारखान्यातर्फे रानात जाऊन उसाची नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्याने) फोनवर प्रत्यक्षात देवनागरी अंक टंकले होते तिथे तसे सांगितले आहे. एरवी उदाहरणातले अंक इंग्रजी कळफलकाचे समजावेत.

ऊसनोंद म्हणजे कोणाच्या रानात किती ऊस कधी लागला याची कारखान्याकडची नोंद, हे या भागातल्या वाचकाला सांगायला नको, पण पुढचा गुंता कळण्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की तोडणीचा क्रम लागणीच्या प्रकारावर आणि तारखेवर ठरतो. जुलै-ऑगस्टमधली आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली पूर्वहंगामी, डिसेंबर ते फेब्रुवारीमधली सुरू आणि मग खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) अशी प्रतवारी लागते आणि प्रत्येक प्रकारात ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. दुसरी अशी की आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो, त्यामुळे पावसाळ्यात केलेली नोंद खरी की खोटी याची परीक्षा थेट पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास होते.

पूर्वी चिटबॉय रानात जाऊन डायरीत गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख टिपत असे, शेतकऱ्याला हाताने लिहिलेली नोंद पावती देत असे आणि गट कार्यालयातला (काही गावांचा मिळून कारखान्याचा एक गट असतो) लिपिक ती डायरी संगणकात उतरवत असे. लिपिकाचा टप्पा गाळावा म्हणून कारखान्याने साताऱ्यातल्या एका छोट्या व्यवसायाकडून पीएचपी भाषेत फॉर्म करून घेतला. चिटबॉयने संध्याकाळी घरी बसून आपल्या फोनवरून दिवसभराच्या नोंदी भराव्यात अशी कल्पना होती. डायरी आणि हाती पावती ही पद्धत चालूच राहिली. ती बंद न करण्याचा निर्णय निव्वळ सवयीपोटी झाला होता, पण पुढे तोच कामी आला.

अडचण कशी उघडी पडली

गळीत हंगामाच्या तोंडावर गटवार तोडणी कार्यक्रम फलकावर लागला. दुसऱ्याच दिवशी एक वयस्कर बागायतदार नोंद पावती घेऊन शेती अधिकाऱ्यांसमोर उभे राहिले. त्यांची लागण १५ जुलैची होती, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याची ५ ऑगस्टची, आणि कार्यक्रमात शेजाऱ्याचा नंबर बराच वर होता. “साहेब, त्याच्या आधी तीन आठवडं माझी लागण हाय. पावती तुमच्याच माणसानं फाडलीया,” एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि पावतीवर तारीख खरोखरच १५ जुलै होती. “बसा आबा, बघतो,” असे म्हणून अधिकाऱ्यांनी संगणकात पाहिले तर आबांची लागण ३० जुलैला आणि शेजाऱ्याची ८ मे रोजी झालेली दिसत होती.

८ मे ही आडसालीची तारीख असूच शकत नाही. तरीही वर्षभर ती कुणाच्या नजरेस आली नव्हती, कारण फलकावर लागणाऱ्या यादीत फक्त अनुक्रमांक, नाव आणि गट क्रमांक असे, तारीख नसे. आणि शेतकऱ्याच्या हातातली पावती डायरीवरून लिहिलेली असल्यामुळे ती नेहमीच बरोबर असे. चुकलेली तारीख फक्त प्रणालीच्या पोटात होती.

पुढच्या काही दिवसांत दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी आल्या. काही शेतकऱ्यांचे नाव कार्यक्रमात होते, पण अपेक्षित टनेज शून्य होते आणि म्हणून त्यांच्या प्लॉटला तोडणी मजुरांची टोळीच दिलेली नव्हती. या सगळ्या नोंदींत क्षेत्राच्या रकान्यात शून्य होते. ‘मुद्दाम केलंय’, ‘सभासद नाही म्हणून मागं टाकलं’ अशी कुजबुज सुरू झाली. कारखान्याच्या निवडणुकीचे वर्ष नव्हते हे नशीब.

तपासात काय सापडले

मूळ विकसकाने मोकळेपणाने कोड उघडून दिला. तो गबाळा नव्हता. डेटाबेसला जाणाऱ्या प्रत्येक मूल्यासाठी तयार विधाने (भरलेला मजकूर आज्ञेपासून वेगळा ठेवणारी पद्धत) वापरलेली होती, पडद्यावर दाखवताना मजकूर निर्धोक केलेला होता, पोस्टने, म्हणजे फॉर्ममधून सर्व्हरकडे, आलेले काहीही थेट क्वेरीत (डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत) चिकटवलेले नव्हते. शेतीचे अंकी रकाने तर आणखी एका खबरदारीपोटी ‘फ्लोट’ या दशांश संख्येच्या प्रकारात जबरीने बदलले होते: येणारा मजकूर काहीही असो, डेटाबेसपर्यंत आकडाच पोहोचेल. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही युक्ती चालते. येथे मात्र तिलाच तपासणी समजले गेले, आणि माझ्या मते या प्रकरणाचे मूळ तिथे आहे. घातक मजकूर आत येऊ न देणे आणि आलेला मजकूर समजणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले चोख झाले की दुसरेही झाले असे वाटू लागते.

शून्य क्षेत्राची गोष्ट अशी. मराठी कळफलक चालू असलेल्या काही फोनांवर अंकही देवनागरी उमटतात, त्यामुळे काही चिटबॉय क्षेत्र देवनागरी अंकांत ०.४० असे भरत होते. पीएचपीच्या जबरी बदलाला देवनागरी अंक कळत नाहीत. मजकुराच्या सुरुवातीला ओळखीचा अंक सापडला नाही की ती मुकाट्याने शून्य देते. ना चूक, ना इशारा. त्याआधी नमुना जुळवून पाहणारी एक तपासणी होती, ‘फक्त अंक आणि टिंब’ अशी, आणि ती हे अडवेल असे वाटण्यासारखे होते. पण मराठी मजकुरासाठी विकसकाने त्या नमुन्याला युनिकोडचे ‘यू’ हे चिन्ह जोडले होते. ते लागले की पीएचपीत ‘अंक’ या वर्गात जगभरच्या लिप्यांचे अंक येतात. म्हणजे एकाच फॉर्ममध्ये पहारेकऱ्याला देवनागरी अंक ओळखता येत होते आणि आतल्या कारकुनाला येत नव्हते. पहारेकऱ्याने सोडले, कारकुनाने शून्य लिहिले. बदल न करता मूळ मजकूर डेटाबेसकडे गेला असता, तर ५.७ आवृत्तीपासून मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आपोआप चालू असलेल्या कडक पद्धतीने तो दशांश रकान्यात घेण्यास नकार दिला असता आणि पहिल्याच संध्याकाळी बोंब झाली असती. खबरदारीनेच चूक लपवली.

तारखेचा दोष अधिक खोल होता. तारीख साध्या मजकुराच्या चौकटीत घेतली जात होती आणि ‘स्ट्रटोटाइम’ या फंक्शनकडे सोपवली जात होती. हे फंक्शन उदार आहे. ते नाना तऱ्हांची तारीख समजून घेण्याचा प्रयत्न करते आणि त्यासाठी विभाजक चिन्हावरून अंदाज बांधते. तिरकी रेघ दिसली की ते अमेरिकी पद्धत धरते, म्हणजे आधी महिना, मग दिवस. आडवी रेघ किंवा टिंब असून साल चार अंकी असेल तर ते आपल्यासारखे वाचते. आडवी रेघ आणि साल दोनच अंकी असेल, तर पहिला आकडा साल मानते, म्हणजे ०५-०७-२२ याचा अर्थ २२ जुलै २००५ होतो.

आपल्याकडे तारीख बहुतेक वेळा तिरक्या रेघेने लिहिली जाते. शेजाऱ्याची ०५/०८ ही तारीख म्हणून ८ मे झाली. आबांची १५/०७ मात्र पंधराव्या महिन्याची ठरली आणि फंक्शनने ‘नाही’ असे उत्तर दिले. ते उत्तर तसेच तारीख घडवणाऱ्या पुढच्या फंक्शनला गेले, तिथे त्याचे शून्य झाले, आणि शून्य म्हणजे संगणकाच्या कालगणनेचा आरंभ, १ जानेवारी १९७०.

मग आबांच्या नावापुढे ३० जुलै कुठून आली? फॉर्म सुरू झाल्यावर पहिल्याच पंधरवड्यात गट कार्यालयातल्या एका लिपिकाला यादीत १९७० हे साल दिसले होते आणि त्याने विकसकाला फोन केला होता. विकसकाने त्याच रात्री दुरुस्ती केली: तारीख १९७० आली तर तिच्या जागी नोंद भरल्याची तारीख घालायची. १९७० दिसायचे थांबले आणि सगळ्यांनी विषय मिटला असे मानले. आबांची नोंद ३० जुलैला भरली गेली होती. अशा रीतीने महिन्याच्या १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या लागणी मागे ढकलल्या गेल्या, पहिल्या १२ दिवसांच्या लागणींचा दिवस-महिना उलटा झाला, आणि ७ जुलै किंवा ८ ऑगस्टसारखी, दिवस आणि महिना सारखेच असलेली तारीख तेवढी सुटली.

समोर असलेले पर्याय

तोडणी सुरू व्हायला फार वेळ उरला नव्हता. शेती अधिकारी, संगणक विभागाचे प्रमुख, विकसक आणि दोन अनुभवी चिटबॉय यांच्या बैठकीत चार मार्ग चर्चेला आले.

सर्वांत स्वस्त मार्ग फोनवरचा फॉर्म बदलण्याचा होता: क्षेत्राच्या चौकटीला ‘नंबर’ आणि तारखेच्या चौकटीला ‘डेट’ हा प्रकार द्यायचा. तारखेसाठी याचा मोठा फायदा आहे, कारण पडद्यावर ती कशीही दिसली तरी सर्व्हरकडे ती साल-महिना-दिवस याच क्रमाने जाते. दोन अडचणी निघाल्या. चिटबॉय एका बैठकीत बऱ्याच नोंदी भरतात आणि प्रत्येक वेळी कॅलेंडर उघडून महिना मागे सरकवणे त्यांना जिकिरीचे वाटत होते. दुसरी अडचण तत्त्वाची होती: ब्राउझरमधली तपासणी ही भरणाऱ्याची सोय आहे, सर्व्हरने तिच्यावर विसंबायचे नसते. गट कार्यालयातले लिपिक एका वेगळ्या पानावरून त्याच सर्व्हरकडे नोंदी पाठवत होते, आणि त्या पानाला या बदलाचा पत्ताही लागला नसता.

देवनागरी अंक नाकारून ‘इंग्रजी अंक वापरा’ असा संदेश दाखवावा, असे संगणक विभागाने सुचवले. शेती अधिकाऱ्यांनी ते तिथल्या तिथे फेटाळले. कारखान्याच्या पावत्या, सातबारा, डायरी सगळे मराठीत असताना फॉर्मनेच मराठी अंकांना हरकत घ्यावी हे त्यांना पटणारे नव्हते, आणि खरे तर त्याला तांत्रिक कारणही नव्हते.

प्रणाली पायथॉनमध्ये नव्याने लिहावी असा तिसरा विचार होता. पायथॉनचे अंकात रूपांतर करणारे फंक्शन देवनागरी अंक बिनबोभाट स्वीकारते, तेवढा प्रश्न सुटला असता. पण तिरक्या रेघेतला पहिला आकडा दिवस की महिना, हे कोणतीही भाषा स्वतःहून सांगू शकत नाही, ते कार्यक्रम लिहिणाऱ्यालाच सांगावे लागते. हंगामाच्या तोंडावर भाषा बदलणे म्हणजे ओळखीच्या चुका देऊन अनोळखी चुका घेणे झाले असते.

चौथा मार्ग स्वीकारला गेला. सर्व्हरवर प्रत्येक प्रकारच्या रकान्यासाठी एक वाचक फंक्शन लिहायचे. त्याने मजकूर घ्यायचा आणि एकतर अर्थ लागलेले मूल्य द्यायचे किंवा मराठीत कारण सांगून नकार द्यायचा. तिसरे काही नाही: शून्य नाही, आजची तारीख नाही, अंदाज नाही. आणि चिटबॉयने टंकलेला मजकूर अक्षरशः जसाच्या तसा वेगळ्या रकान्यात कायम ठेवायचा. हा शेवटचा मुद्दा संगणक विभागाला सुरुवातीला फाजील वाटला, ‘बरोबर आकडा ठेवल्यावर कच्चा मजकूर कशाला’ असे त्यांचे म्हणणे होते. पण त्याच बैठकीत जुन्या नोंदी कशा दुरुस्त करायच्या हा विषय निघाला आणि कच्चा मजकूर कुठेच शिल्लक नाही हे कळल्यावर वाद संपला. सर्व्हरच्या नोंदवहीत पानाचा पत्ता आणि वेळ होती. पोस्टने पाठवलेला मजकूर तिथे उतरत नसतो.

प्रत्यक्षात केलेले काम

अंकांचे वाचन सर्वांत आधी झाले. देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक घालणारी एक ओळ सुरुवातीला येते, पण तीतही एक खाच आहे. पीएचपीचे ‘एसटीआर-टीआर’ हे फंक्शन दोन तऱ्हांनी वापरता येते. ‘या अक्षरांच्या जागी ती अक्षरे’ अशा दोन मजकुरांनी वापरले तर ते एकेक बाइट बदलते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अंक तीन बाइटांचा असल्यामुळे मजकुराचा चुराडा होतो. जोड्यांची यादी दिली तर पूर्ण अक्षर बदलते. दुसरी तऱ्हा वापरली गेली, आणि त्यानंतरच्या तपासणीत ‘कोणत्याही लिपीचा अंक’ असे न म्हणता शून्य ते नऊ असे स्पष्ट बंधन घातले.

क्षेत्राच्या रकान्याने सगळ्यांना अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गुंतवले. फॉर्मवर ‘क्षेत्र (हे.)’ असे लिहिलेले होते, पण शेतकरी बोलतो एकर-गुंठ्यांत आणि सातबारावर असते हेक्टर-आर. चिटबॉयने १.२० भरले तर ते एक हेक्टर वीस आर आहे की एक एकर वीस गुंठे? पहिले १२० आर, दुसरे साठ गुंठे, म्हणजे सुमारे ६१ आर, निम्म्याचा फरक. काहीजण सातबाऱ्यावरून ०.४०.०० असे उतरवत. दोन टिंबांचा हा मजकूर संख्या नव्हेच, पण जबरी बदल दुसऱ्या टिंबापाशी थांबत असल्यामुळे ०.४० असे उत्तर निघत असे, जे योगायोगाने बरोबर होते. असे बरोबर उत्तर चुकीच्या उत्तराइतकेच काळजीचे असते, कारण त्यामुळे कोड नीट चालतो असा समज होतो.

शेवटी एकच चौकट काढून टाकली. आधी ‘एकर-गुंठे’ की ‘हेक्टर-आर’ हे निवडायचे, दोन्हींपैकी काहीही आधीपासून निवडलेले नाही, आणि मग दोन स्वतंत्र चौकटी भरायच्या. गुंठे ३९ पर्यंत, आर ९९ पर्यंत. एकर म्हणजे ४० गुंठे आणि गुंठा म्हणजे १.०१ आरच्या आसपास, हे रूपांतर सर्व्हर करतो आणि नोंद पक्की करण्याआधी दोन्ही एककांत क्षेत्र दाखवतो. न निवडलेला पर्याय ब्राउझर पाठवतच नाही, त्यामुळे तो रकाना पोस्टमध्ये रिकामा नसून गैरहजर असतो, हे वाचक फंक्शनला वेगळे सांगावे लागले.

या नव्या फॉर्मच्या चाचणीतही एक ठेच लागलीच. ३० गुंठ्यांच्या प्लॉटसाठी चिटबॉयने एकराच्या चौकटीत शून्य भरले आणि फॉर्म ‘एकर भरा’ म्हणून अडून बसला. पीएचपीचे ‘एम्प्टी’ हे फंक्शन एकट्या शून्यालाही रिकामे मानते. त्याऐवजी कडेची मोकळी जागा काढून उरलेला मजकूर खरोखर रिकामा आहे का, असे काटेकोरपणे विचारण्यात आले. चिटबॉय यावर जे बोलले ते येथे लिहिण्यासारखे नाही, पण त्यांचा मुद्दा रास्त होता: भरलेली गोष्ट भरली नाही असे यंत्राने सांगू नये.

तारखेसाठी तीन भाग केले. दिवस आकड्यात, महिना मराठी नावांच्या यादीतून, साल चालू आणि मागचे अशा दोनच पर्यायांतून. महिना नावाने निवडला की क्रमाचा प्रश्नच उरत नाही. ‘चेकडेट’ने तारीख कॅलेंडरात आहे का हे पाहिले जाते, कारण पीएचपीची तारीख वाचणारी दुसरी काही साधने ३१ एप्रिल दिली की निमूटपणे १ मे करून देतात. त्यावर शेतीचे दोन नियम बसवले: लागण नोंदीच्या दिवसानंतरची असू शकत नाही, आणि लागणीचा प्रकार व महिना यांचा मेळ बसत नसेल तर नोंद अडवायची नाही, पण चिटबॉयकडून ‘खात्री आहे’ अशी खूण घ्यायची. हवामान आणि पाण्याच्या पाळीप्रमाणे लागणी पुढेमागे होतात, म्हणून येथे नकार न देता विचारणा ठेवली.

गावाचे नाव टंकण्याऐवजी यादीतून निवडण्याची सोय झाली आणि त्यावर फार वेळ गेला नाही. कारण मात्र नोंदवण्यासारखे आहे. ‘कऱ्हाड’ हे नाव पडद्यावर एकसारखे दिसत असूनही डेटाबेसमध्ये दोन वेगळी गावे होऊन बसले होते, कारण त्यातला अर्धा ‘र’ काही कळफलक नुक्त्याच्या ‘ऱ’ने लिहितात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवतात. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही ही दोन रूपे एक करत नाही.

चूक असल्यास फॉर्म परत दाखवताना आधी भरलेले सगळे जसेच्या तसे दिसेल आणि संदेश त्या त्या चौकटीखाली येईल, अशीही व्यवस्था केली. जुन्या फॉर्ममध्ये एक रकाना चुकला की सगळे पान कोरे होत असे, आणि त्यामुळे चिटबॉय फॉर्म काय स्वीकारतो हे शिकून घेऊन तेच भरू लागले होते. ‘४० गुंठे’ नाकारले जाते म्हणून नुसते ४० भरणारेही होते, म्हणजे प्रणालीच्या लेखी ४० हेक्टर.

जुन्या नोंदींचे काय केले

सगळ्यात कठीण निर्णय हा होता. संगणक विभागाचा आग्रह होता की दिवस-महिना उलटे झाले आहेत हे कळले आहे, तर एका आज्ञेत सगळे सुलटे करावे. पण आडवी रेघ किंवा टिंब वापरणाऱ्यांच्या तारखा मुळातच बरोबर होत्या. त्या सरसकट फिरवल्या असत्या तर चुकीच्या लोकांची यादी फक्त बदलली असती.

म्हणून नोंदींची प्रतवारी केली. प्रकार आडसाली आणि साठवलेला महिना मे, अशी नोंद निश्चित उलटी. साठवलेली लागण नोंद भरल्याच्या दिवसानंतरची, तीही निश्चित उलटी: ८ जुलैची लागण ७ ऑगस्ट झाली होती आणि नोंद २० जुलैला भरली होती, तर शंकेला जागा नाही. लागणीची तारीख आणि नोंदीची तारीख एकच असेल तर बहुधा जुन्या दुरुस्तीने ती घातलेली, खरी तारीख गेलेली. उरल्या त्या जुलै-ऑगस्टच्या जोड्या. ७ ऑगस्ट साठवलेले आहे, नोंद सप्टेंबरमधली आहे. लागण ७ ऑगस्टची की ८ जुलैची, हे डेटाबेसला कितीही विचारले तरी कळणार नाही, आणि फरक एक महिन्याचा.

निश्चित उलट्या नोंदी यंत्राने सुलट्या केल्या. बाकी सगळ्यांसाठी, तसेच शून्य क्षेत्राच्या प्रत्येक नोंदीसाठी, चिटबॉयची डायरी बाहेर काढली आणि जिथे डायरी भिजलेली किंवा हरवलेली होती तिथे शेतकऱ्याकडून पावती मागवली. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव, आधार आणि जुने मूल्य प्रत्येक नोंदीसोबत ठेवले.

दुसरा प्रश्न कार्यक्रमाचा होता. संपूर्ण यादी नव्याने लावली असती तर टोळ्यांना एका गावातून दुसऱ्या गावात हलवावे लागले असते, आणि झोपड्या, बैलगाड्या, वाहने घेऊन आलेल्या टोळीला असे हलवणे सोपे नसते. शेती अधिकाऱ्यांनी गटाच्या हद्दीतच क्रम बदलण्याचे ठरवले, टोळी जिथे आहे तिथेच ठेवली, आणि बदललेला कार्यक्रम फलकावर लावताना या वेळी प्रत्येक नावापुढे लागणीची तारीख आणि क्षेत्रही छापले.

परिणाम

तारीख छापण्याचा परिणाम सर्वांत लवकर दिसला. फलकापुढे उभे राहून शेतकऱ्यांनी स्वतःच चुका शोधून दिल्या, त्यांतल्या काही तर प्रतवारीतूनही निसटल्या होत्या. आबांचा नंबर वर आला. शेजाऱ्याचा खाली गेला, त्यावर त्यांनी नाराजी व्यक्त केली, पण आपली लागण ऑगस्टची आहे हे त्यांनाही नाकारता येत नव्हते.

सगळ्यांचे नुकसान भरून निघाले नाही. डायरी-पावतीच्या शोधात वेळ गेला त्या काळात काही आडसाली प्लॉटला तुरे आले, आणि एकदा तुरा आला की उसाचे वजन वाढत नाही. ज्यांना तोडीनंतर त्याच रानात हरभरा किंवा गहू घ्यायचा होता त्यांचा पेराही लांबला. कारखान्याने शक्य तिथे तोड लवकर घेतली, पण भरपाईचा ठराव झाला नाही.

फॉर्मच्या बाजूने सुरुवातीला नोंदी भरण्याचा वेग कमी झाला आणि ‘अपुरी नोंद’ या खणात अडलेल्या नोंदींचा ढीग साठला, कारण आता न समजलेले काही आत जात नव्हते. शेती अधिकाऱ्यांनी अशा नोंदी आठवड्याच्या आत पुऱ्या करण्याची जबाबदारी गट कार्यालयावर टाकली. कच्च्या मजकुराच्या रकान्याचा उपयोग पुढच्याच लागण हंगामात झाला: एका गावातल्या सर्व नोंदींत गुंठे आणि आर यांची अदलाबदल झाल्याचा संशय आला तेव्हा डायरी न मागवता, काय टंकले होते ते पाहून तासाभरात खुलासा झाला.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा क्षण लिपिकाने १९७० पाहून फोन केला तो होता. त्या वेळी ‘तुम्ही काय टंकले होते?’ हा एक प्रश्न विचारला असता तर १५/०७ असे उत्तर आले असते, आणि तिरक्या रेघेचा उलगडा पहिल्याच पंधरवड्यात झाला असता. नोंदी तेव्हा मोजक्या होत्या आणि सगळ्यांच्या आठवणी ताज्या. विकसकाच्या बाजूने सांगायचे तर त्याला फोनवर ‘१९७० येतंय, घालवा’ एवढेच सांगितले गेले होते आणि त्याने सांगितलेले काम केले. अशा वेळी निदान अर्थ न लागलेली तारीख रिकामी ठेवली असती तरी चालले असते. रिकामा रकाना लोकांना दिसतो, पटण्यासारखी खोटी तारीख दिसत नाही.

चाचणी कुठे झाली हेही पाहण्यासारखे आहे. फॉर्म विकसकाच्या कार्यालयातल्या संगणकावर, इंग्रजी कळफलकाने, विकसकाने स्वतः तपासला होता, आणि नमुन्याच्या तारखा त्याने साल-महिना-दिवस अशा टंकल्या होत्या. एका चिटबॉयला त्याची डायरी आणि त्याचाच फोन देऊन अर्धा तास बसवले असते, तर देवनागरी अंक, तिरकी रेघ, ‘४० गुंठे’ आणि ०.४०.०० ही चारही रूपे त्या अर्ध्या तासात समोर आली असती.

नोंद पक्की होताच, प्रणालीने साठवलेली तारीख आणि क्षेत्र शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेशाने पाठवावे, अशी सूचना बैठकीत दोन्ही चिटबॉयनी केली होती. खर्चाच्या कारणाने ती त्या वर्षी मान्य झाली नाही. माझ्या मते ती मान्य व्हायला हवी होती, कारण हाताने लिहिलेली पावती डायरीची नक्कल असते आणि प्रणालीत काय गेले याचा तिला पत्ता नसतो. सध्या त्यावर मधला तोडगा निघाला आहे: लागणीचा हंगाम संपला की गटवार कच्ची यादी, तारीख आणि क्षेत्रासह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जाते आणि हरकतींना मुदत दिली जाते. भागीतल्या आणि खंडाने केलेल्या क्षेत्राच्या नोंदी कोणाच्या नावे दाखवायच्या, हा प्रश्न त्या यादीमुळे नव्याने पुढे आला असून त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना वाढवायचा की नाही यावर शेती विभागात अजून एकमत झालेले नाही.